पंढरीचे दार आणि मुलांची पुस्तके : साने गुरुजींचे चरित्र

॥ श्री पांडुरंग प्रसन्न ॥



आपल्या दिंडीला शंभर वर्षे पूर्ण झाली. पांडुरंगाची कृपा आणि वाडवडिलांची पुण्याई, दुसरे काय म्हणावे. स्मरणिकेच्या मंडळींनी आम्हाला एक लेख मागितला. आम्ही म्हणालो, बाबांनो, आम्ही चौथी शिकलेला शेतकरी माणूस. कीर्तनात उभे केले तर दोन तास बोलू, पण कागद पुढे आला की हात थांबतो. मंडळी म्हणाली, जसं बोलता तसंच लिहा, एखाद्या थोर माणसाचं चरित्र लिहा, तरुण पोरांना उपयोगी पडेल. मग आम्ही विचार केला. माऊलींवर, तुकोबारायांवर लिहिणारे जाणते महाराज या अंकात पुष्कळ आहेत. आम्ही त्या माणसावर लिहितो ज्याच्या पुस्तकाने आम्हाला वाचायला शिकवले, आणि ज्याने पंढरीचे दार सगळ्यांना उघडून मिळावे म्हणून दहा दिवस पोटात अन्न घेतले नाही. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे आपले साने गुरुजी. नावातच पांडुरंग आहे, पाहा.

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी दापोली तालुक्यातल्या पालगड गावी झाला. आपल्या कोकणातलेच ते. घराणे खोताचे, एके काळी मोठे. पण पुढे कर्ज झाले, भाऊबंदकी झाली, कोर्टकचेरी झाली आणि घराला गरिबी आली. खोताच्या घरातला मुलगा फाटक्या कपड्यांत वाढला. वडील सदाशिवराव, आई यशोदा. या आईने गरिबीत पोराला जे दिले ते साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे, कारण पोराने मोठेपणी ते पुस्तकात लिहून ठेवले.

एक गोष्ट आम्ही कीर्तनात नेहमी सांगतो. लहानपणी पोराला आंघोळ झाल्यावर ओले पाय मातीत टेकवायचे नव्हते. हट्ट धरून बसला. आईने आपले लुगडे जमिनीवर पसरले आणि त्यावर पाय ठेवून जा म्हणाली. पण जाता जाता बजावले की पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस, तशी मनाला लागू नये म्हणूनही जप. आम्ही ही गोष्ट सांगितली की समोरच्या बायाबापड्या पदर डोळ्याला लावतात. पण ती आई नुसती मऊ नव्हती हो. पोरगा पोहायला भितो, विहिरीत उतरत नाही, लपून बसतो, असे दिसल्यावर तिने शिंपटीने झोडून बाहेर काढला. आपल्या पोराला कुणी भित्रा म्हटलेले तिला चालत नव्हते.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्यावर या लेखात पुढे परत यायचे आहे म्हणून नीट ध्यानात ठेवा. महारवाड्यातली एक म्हातारी डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन विकायला चालली होती. मोळी खाली पडली. म्हातारीच्या अंगात ती परत उचलण्याचे बळ नव्हते आणि शिवायचे कुणी, म्हणून रस्त्यातला कुणी पुढे होईना. आईने हे पाहिले. ती पोराला म्हणाली, जा, तिला मोळी उचलून दे, मग येऊन आंघोळ कर. पोराने तसे केले. गावात कुरबूर झाली. आई डगमगली नाही. आता माऊली, आजच्या पोरांना वाटेल, आंघोळ कशाला करायला लावली? तर तो काळ शंभर वर्षांपूर्वीचा, ती बाई सोवळ्याओवळ्याच्या घरातली. तिला जेवढे पाऊल टाकता आले तेवढे तिने टाकले. पुढचे पाऊल पोराने टाकले, ते पंढरपुरात.

गुरुजी दापोलीला शिकले, मग औंधला, मग पुण्याला. कुठे हाताने रांधून खाल्ले, कुठे अर्धपोटी राहिले. १९१७ साली आई गेली. पोरगा शिकायला दूर होता, शेवटची भेट झाली नाही. ते दुःख त्यांना जन्मभर पुरले. पुण्यात बी.ए. झाले, तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झाले आणि १९२४ साली खानदेशात अमळनेरला शाळेत मास्तर म्हणून लागले. अमळनेर म्हणजे बोरी नदीकाठचे सखाराम महाराजांचे गाव. वैशाखात तिथे रथ निघतो, वारकऱ्यांचा मेळा भरतो. अशा गावी गुरुजी आले ही देवाचीच योजना, असे आम्हाला वाटते.

शाळेचे छात्रालय होते, म्हणजे बाहेरगावच्या पोरांची राहायची जागा. त्याचा कारभार गुरुजींकडे आला. पोरे शेतकऱ्याघरची, गरिबाघरची. आईबापांपासून दूर. गुरुजी काय करीत? पोरे शाळेत गेली की त्यांच्या खोल्या झाडून ठेवीत, अंथरुणाच्या घड्या घालीत, मळके कपडे धुऊन वाळत टाकीत. बोलून दाखवायचे नाही. चार दिवसांनी पोरांनाच लाज वाटायची आणि ती आपण होऊन झाडू उचलायची. एम.ए. झालेला माणूस पोरांचे कपडे धुतो! तुकोबांनी उपदेश आणि आचरण एक असावे म्हणून किती ठिकाणी सांगितले आहे, ते इथे बघायला मिळते.

आणि इथेच त्यांचे लिहिणे सुरू झाले. छात्रालयातल्या पोरांसाठी ते हाताने लिहून रोज एक पत्र काढीत. छापखाना नाही, पैसे नाहीत. पहाटे उठून लिहायचे आणि सकाळी पोरांना वाचायला लावून ठेवायचे. त्यात थोरांच्या गोष्टी, देशातल्या बातम्या, कविता, पोरांना चार गोड शब्द. पुढे 'विद्यार्थी' नावाचे मासिकही काढले. आम्हाला या गोष्टीचे फार नवल वाटते. शे-दीडशे पोरांसाठी एक माणूस रोज पहाटे लिहितो. मान नाही, मानधन नाही. आपण काकड्याला उठतो ना, तसा तो त्यांचा काकडाच म्हणायचा.

१९३० साली गांधीजींचा मिठाचा सत्याग्रह झाला. आपल्या खाडीकाठच्या मिठागरवाल्यांना मीठ म्हणजे काय ते सांगायला नको. गुरुजींनी नोकरी सोडली आणि चळवळीत उतरले. मग तुरुंगामागून तुरुंग. पहिल्याच शिक्षेत दूर त्रिचनापल्लीला, तमिळ मुलखात नेले. तिथे नाना प्रांतांचे, नाना भाषांचे कैदी. गुरुजींनी त्यांच्या भाषा शिकायला घेतल्या. तमिळ लोक ज्याला वेदासारखा मानतात तो कुरल ग्रंथ त्यांनी मराठीत आणला.

१९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबाजीही तिथेच होते. विनोबाजी दर रविवारी कैद्यांपुढे गीतेवर बोलायचे आणि गुरुजी ते भराभर लिहून घ्यायचे. अठरा अध्यायांची अठरा प्रवचने झाली. तीच आज घरोघरी असलेली 'गीता प्रवचने'. म्हणजे बोलणारे विनोबाजी, पण कागदावर उतरवणारा हात गुरुजींचा. तो हात नसता तर ते बोलणे तुरुंगाच्या भिंतीतच राहिले असते. आपल्यात सच्चिदानंदबाबांनी माऊलींची ज्ञानेश्वरी उतरून घेतली असे आपण मानतो, तसेच हे.

पुढच्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात, १९३३ च्या फेब्रुवारीत, पाच दिवसांत त्यांनी 'श्यामची आई' लिहिले. दिवसा तुरुंगाचे काम आणि मिळेल त्या वेळात लिखाण. आईच्या आठवणी एकेका रात्रीला एक अशा सांगितल्या आहेत. श्याम म्हणजे ते स्वतःच. १९३५ साली ते पुस्तक छापून आले. पुढे आचार्य अत्रे यांनी त्यावर सिनेमा काढला, त्याला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले.

आता गुरुजींच्या पुस्तकांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण लेख त्यासाठीच आहे.

आपल्या संप्रदायात चरित्र वाचायची रीत जुनी आहे. राहुरीकडच्या ताहराबादला महिपती महाराज होऊन गेले. त्यांनी 'भक्तविजय' लिहिला. त्यात महाराष्ट्राचे संत तर आहेतच, पण उत्तरेचे कबीर आहेत, तुलसीदास आहेत, गुजरातचे नरसी मेहता आहेत. संत कुठल्या मुलखाचा, कुठल्या जातीचा, कुठल्या भाषेचा हे महिपतींनी पाहिले नाही. गावोगावच्या देवळांत चातुर्मासात भक्तविजय लावला जायचा. एकाने वाचायचे आणि साऱ्या गावाने ऐकायचे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायामाणसांना त्यातूनच कबीर कोण ते कळले.

गुरुजींनी तेच काम मुलांसाठी केले. बंगालच्या ईश्वरचंद्र विद्यासागरांचे चरित्र लिहिले, देशबंधू दासांचे लिहिले, नामदार गोखल्यांचे लिहिले, इतिहासाचार्य राजवाड्यांचे लिहिले. गौतम बुद्धांवर लिहिले. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनवर लिहिले. भगवान श्रीकृष्णाची कथा मुलांसाठी सांगितली. तुरुंगात बसून महंमद पैगंबरांच्या चरित्राचे आणि इस्लामी संस्कृतीचे पुस्तक लिहिले. गांधीजींच्या लहान लहान गोष्टी 'बापूजींच्या गोड गोष्टी' म्हणून लिहिल्या. साऱ्या माणसांचा इतिहास एका पुस्तकात यावा म्हणून 'मानवजातीची कथा' मराठीत आणली. पुतणी सुधा हिला लिहिलेली पत्रे 'सुंदर पत्रे' म्हणून निघाली, त्यात इतिहास, फुले, नद्या, थोर माणसे असे सगळे आहे. आणि आपल्या माळकरी बायकांनी ऐकून ठेवावे असे एक : बायका जात्यावर ज्या ओव्या म्हणतात त्या त्यांनी गोळा केल्या आणि 'स्त्री जीवन' नावाने छापल्या. आमच्या आजीच्या तोंडच्या कितीतरी ओव्यांसारख्या ओव्या आम्हाला त्यात सापडल्या.

या चरित्रांत गुरुजींची पद्धत काय होती ते आम्ही कीर्तनकाराच्या नजरेने सांगतो. वाक्य आखूड. दम न लागता वाचता येईल एवढे. मूल समोर बसले आहे आणि आपण त्याच्याशी बोलतो आहोत असे लिहायचे. नुसत्या सनावळ्या नाहीत. मोठ्या माणसाचे लहानपण आधी सांगायचे, त्याने काय सोसले ते सांगायचे, म्हणजे मुलाला वाटते, हाही आपल्यासारखाच होता. आणि लपवाछपवी नाही. श्यामचा हट्ट, श्यामचा भित्रेपणा, श्यामच्या चुका सगळ्या सांगितल्या. स्वतःच्याच चुका पुस्तकात लिहून मुलांच्या हातात द्यायच्या याला छाती लागते. कुणी त्यांच्या लिखाणाला रडके म्हणत. म्हणोत बापडे. नामदेवरायही देवापुढे रडलेच की.

आता आमचे सांगतो. आमचे गाव दारावे. आता त्या बाजूला सगळे सीवूड्स म्हणतात, स्टेशन झाले, मॉल झाला, पामबीच रोड झाला. आमच्या लहानपणी तिथे खारीची भातशेती होती, बांधापलीकडे खाडी. १९७० साली सिडको आली. आमची चौथी झाली तो हा काळ. पुढची शाळा लांब, घरात काम करायला माणूस कमी, म्हणून शाळा सुटली. पुढे जमीनही गेली. आता पेण तालुक्यात थोडी भातशेती आहे, ती अजून आम्ही स्वतः लावतो. शाळा सुटली तेव्हा आमच्या गुरुजींनी, म्हणजे शाळेतल्या मास्तरांनी, एक पुस्तक हातात दिले आणि सांगितले की हे वाच, नाहीतर चार वर्षांत अक्षर विसरशील. ते पुस्तक 'श्यामची आई'.

आमचा आजा गुरुजींच्याच वयाचा. आपल्या दिंडीच्या पहिल्या मंडळींपैकी. त्याला अक्षर येत नव्हते, पण हरिपाठ, काकडा, शेकडो अभंग पाठ. रात्री दिव्यापाशी आम्ही अक्षरावर बोट ठेवून वाचायचो आणि आजा ऐकायचा. एका रात्री ती मोळीवाल्या म्हातारीची गोष्ट आली. वाचून झाल्यावर आजा बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, परत वाच. आम्ही परत वाचली. आजा उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. आम्ही दहा वर्षांचे पोर, आम्हाला काय कळणार. वाटले, आपले वाचायचे चुकले.

त्याचे कारण काय होते ते बापूस गेल्यानंतर नव्हे, त्याच्या हयातीतच आम्हाला कळले, पण फार उशिरा कळले. ते सांगण्याआधी पंढरपूरला काय झाले ते सांगायला हवे.

चोखोबाराय आपले संत. त्यांचे अभंग आपण टाळ वाजवून म्हणतो. पण त्यांना हयातीत राऊळात जाता आले नाही आणि त्यांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर. त्यांच्या समाजाची माणसे शेकडो वर्षे पायी वारी करीत आणि समाधीपाशी डोके टेकून, कळसाला हात जोडून परत जात. देश स्वतंत्र व्हायची वेळ आली तरी हेच चालले होते. गुरुजींना हे सहन होईना. १९४६ च्या कार्तिकीच्या सुमारास त्यांनी जाहीर केले की पांडुरंगाचे दार हरिजनांना उघडावे, नाहीतर आम्ही उपोषण करू. सेनापती बापटांसारख्या मोठ्या माणसांनी समजावले की आधी लोकांना सांगू या, त्यांची मने वळवू या. मग गुरुजी काही महिने साऱ्या महाराष्ट्रात फिरले. बरोबर सेवा दलाची पोरे, शाहीर. गावोगाव सभा झाल्या. कित्येक गावांनी आपली देवळे आणि विहिरी खुल्या केल्या. पण पंढरपूरचे दार काही उघडेना.

१ मे १९४७ ला गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले. गावात जागा द्यायला कुणी तयार होईना. शेवटी तनपुरे महाराजांच्या मठात जागा मिळाली. वारकऱ्याच्या मठाने त्यांना आसरा दिला, ही गोष्ट आपल्या संप्रदायाने अभिमानाने सांगावी अशी आहे. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विरोध करणाऱ्यांतही आपल्याच माळकऱ्यांतले पुष्कळ होते. गांधीजींपर्यंतही चुकीची माहिती गेली आणि त्यांची तार आली की उपोषण सोडावे. गुरुजी गांधीजींना देवासारखे मानायचे. किती वाईट वाटले असेल! तरी ते हलले नाहीत. पांडुरंगाचा शब्द गांधीजींच्या शब्दाहून मोठा मानला. शरीर खंगत चालले. दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, बोलणी झाली, बडवे मंडळींनी मान्यता दिली आणि दहाएक दिवसांनी उपोषण सुटले. पंढरीचे दार उघडले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदाही झाला.

दार उघडले म्हणून सगळ्यांची मने उघडली असे मात्र झाले नाही. काही कर्मठ मंडळींनी त्यानंतर गाभाऱ्यात जाणेच सोडले. वारी करायची, चंद्रभागेत स्नान करायचे, कळसाला हात जोडायचे आणि माघारी फिरायचे. देव बाटला म्हणे! ज्याला पुंडलिकाने विटेवर उभा केला, जो चोखोबांची गुरे ओढू लागला असे आपण कीर्तनात सांगतो, तो बाटला.

माऊली, आमचा आजा त्या मंडळींपैकी होता.

स्मरणिकेत चांगले तेवढेच लिहायचे असा रिवाज असतो. आमचे म्हणणे, गुरुजींचे चरित्र लिहायचे आणि स्वतःच्या घरचे झाकायचे हे बरोबर नाही. आजा १९४७ नंतर दरवर्षी वारीला गेला, पण नामदेव पायरीच्या पुढे गेला नाही. घरच्यांना सांगायचा, गर्दी होती. आणि आपल्या दिंडीतही, हे जुन्या माणसांना आठवत असेल, शेजारच्या वाडीतला एक माळकरी मृदंग फार गोड वाजवायचा. चालीला साथ त्याची, पण मुक्कामाला पंगत पडली की त्याचे ताट बाजूला, राहुटीबाहेर. तो कधी बोलला नाही. आम्ही ते लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहे.

पुस्तक वाचले त्याच्या पुढच्या आषाढीला आजाने आम्हाला पहिल्यांदा वारीला नेले. पंढरपुरात पोचल्यावर सवयीप्रमाणे मंडळी बारीला गेली. बापूस आजाला म्हणाला, तुम्ही बसा मठात. आजा म्हणाला, नाही, येतो. तो बारीत उभा राहिला, आम्ही त्याचे बोट धरून. त्याच्या पुढे तो मृदंगवाला होता. आजाने त्याच्या पाठोपाठ जाऊन विटेवरच्या पायांना डोके लावले. तेवीस-चोवीस वर्षांनी. बाहेर आल्यावर काही बोलला नाही. संध्याकाळी पंगतीला त्याने मृदंगवाल्याला हाताला धरून आपल्या शेजारी बसवले. कुणी नाराज झाले असेल तर झाले. दुसऱ्या वर्षापासून वेगळे ताट बंद झाले. हे सगळे का झाले ते बापसाने आम्हाला आमच्या लग्नानंतर सांगितले. तोपर्यंत आम्हाला वाटायचे, म्हाताऱ्याचे पाय दुखायचे म्हणून तो आत जात नसेल.

उपोषणाने आमचा आजा बदलला नव्हता. कायद्याने बदलला नव्हता. मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकातली दोन पाने, तीही अडखळत वाचलेली, त्याच्या काळजाला लागली. गुरुजी तर तेव्हा जाऊन वीस वर्षे झाली होती. त्या मृदंगवाल्याचा नातू आज आपल्या दिंडीचा विणेकरी आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. वीणा त्याच्या गळ्यात शोभते.

आता चरित्राचा शेवट सांगतो. १९४८ साली गांधीजींचा खून झाला. एका महाराष्ट्रीयाच्या हातून झाला याचे गुरुजींना इतके दुःख झाले की प्रायश्चित्त म्हणून त्यांनी एकवीस दिवस उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला मुंबईत त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले, ते आजही चालू आहे. १९४९ साली पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीचा विचार मांडला. एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथले थोर लोक ओळखावेत, एकमेकांच्या घरी राहावे. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात जे बी पडले त्याचा हा कोंब. पण मन आतून थकले होते. स्वराज्य आले तरी गरिबाचे हाल, जातीजातींतले वैर तसेच पाहून ते कष्टी झाले होते. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी झोपेच्या गोळ्या घेऊन आपल्या हाताने देह ठेवला. वय पन्नास.

मुलांपुढे हे सांगावे की नाही, असे आम्हाला पुष्कळजण विचारतात. आम्ही सांगतो. मात्र त्याला थोरवी देत नाही. आम्ही मुलांना म्हणतो, एवढा मोठा माणूस, साऱ्या जगाचे अश्रू पुसणारा, पण आपले दुःख एकट्याने गिळत बसला. तुम्ही तसे करू नका. मन जड झाले तर आईला सांगा, बापाला सांगा, मास्तरांना सांगा, दिंडीतल्या कुठल्याही म्हाताऱ्याला सांगा. वारीत कुणी एकटे चालत नाही. पाय दुखला तर दुसरा पिशवी घेतो. तसेच मनाचे.

गुरुजींचे मोठे स्मारक आपल्या रायगड जिल्ह्यातच, माणगाव तालुक्यात गोरेगावजवळ वडघरला आहे. मुंबई-गोवा रस्त्याने जाता येते. तिथे मुलांची शिबिरे होतात. पेणच्या शेतावरून आम्ही एकदा नातीला घेऊन गेलो होतो. नात सीवूड्सला इंग्रजी शाळेत शिकते. हुशार आहे, पण मराठी वाचताना अक्षरावर बोट ठेवते, जसे आम्ही पन्नास वर्षांपूर्वी ठेवायचो. शाळेला आम्ही नावे ठेवत नाही. दिवस तसे आहेत, पोटापाण्याला इंग्रजी लागते. पण घरी आल्यावर मोबाईल हातात आणि गोष्ट सांगायला कुणाला वेळ नाही, हा दोष आपलाच. आम्ही तिला रोज रात्री दोन पाने वाचायला लावली. ती वाचते, आम्ही ऐकतो. आम्ही मुद्दामच चष्मा लावत नाही, म्हणतो, आम्हाला दिसत नाही, तू वाच. देव क्षमा करो, एवढे खोटे आम्ही बोलतो. सहा महिन्यांत बोट सुटले. आता ती विद्यासागरांच्या चरित्रापर्यंत आली आहे आणि मध्येच थांबून आम्हालाच प्रश्न विचारते, ज्यांची उत्तरे आम्हाला येत नाहीत.

म्हणून शताब्दीच्या निमित्ताने आमचे दिंडीला एक मागणे आहे. आपल्या ट्रकमध्ये तांदळाची पोती, गॅसच्या शेगड्या, राहुट्या, सगळे असते. त्यात एक लोखंडी पेटी पुस्तकांची ठेवावी. फार नको, पन्नास पुस्तके पुरेत. संतांची लहान चरित्रे, शिवाजी महाराजांचे, सावित्रीबाईंचे, बाबासाहेबांचे, आणि गुरुजींची सगळी. मुक्कामाला हरिपाठ झाला की जेवणाआधी पाव तास एका मुलाने किंवा मुलीने उभे राहून वाचायचे आणि आपण मोठ्यांनी खाली बसून ऐकायचे. मूल अडखळले तर हसायचे नाही. पेटीची पहिली अकरा पुस्तके आम्ही देतो. आमच्याजवळची 'श्यामची आई' ची ती जुनी प्रतही त्यात ठेवतो. पाने पिवळी झाली आहेत, मोळीच्या गोष्टीचे पान तर सुटेच आहे, जपून हाताळावे.

लिहिण्यात काही चुकले असेल, शुद्धलेखन तर चुकलेच असेल, ते पोटात घालावे. आमच्या आजाचे सांगितले त्याने घरातल्या कुणाला वाईट वाटले तर त्यांचीही क्षमा मागतो. पण आजा असता तर त्याने हे लिहायला परवानगी दिली असती असे आम्हाला वाटते. तो शेवटी बारीत उभा राहिलाच होता.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. रामकृष्णहरी.